कोमल रिषभाखालची रेघ

लुई ब्रेलने १८२९ साली पॅरिसमध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्द, संगीत आणि चर्चमधले पारंपरिक गायन अशा तीन गोष्टींचा उल्लेख होता. तिन्ही ठिपक्यांनी कशा लिहाव्यात, हे त्यात सांगितले होते. आपल्याकडे ब्रेल म्हटले की फक्त अक्षरे आठवतात. ब्रेल स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्यामुळे संगीत हे त्याच्या लिपीला मागाहून लावलेले ठिगळ नव्हते. ते पहिल्यापासूनचे काम होते.

ते त्याने कसे केले, हे नीट पाहण्यासारखे आहे. पाश्चात्त्य संगीत पाच रेघांच्या पटावर लिहितात. स्वर जितका उंच, तितका ठिपका वर. म्हणजे ते एक चित्रच असते. त्या काळी अंधांसाठी पुस्तक करायचे म्हणजे नेहमीचीच अक्षरे कागदावर उठावदार छापायची, असा प्रघात होता. ब्रेललाही पाच रेघा उठावदार करता आल्या असत्या. त्याने चित्र टाकून दिले आणि चित्रातला अर्थ उचलला. त्याच्या सहा ठिपक्यांच्या घरात वरचे चार ठिपके स्वराचे नाव सांगतात आणि खालचे दोन त्या स्वराची लांबी. सप्तक बदलले की त्याची वेगळी खूण आधी येते. सगळे एका ओळीत, बोटाखालून सरकत जाणारे.

चित्र उचलायचे की अर्थ, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत अंध संगीतकारांसाठी निघालेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला विचारता येतो. मला तो विचारायचा आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे शिकलो ते संगणकाचा पडदा बंद करून, कानाला हेडफोन लावून, एकेक सॉफ्टवेअर चालवत शिकलो. या विषयावर मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा एखाद्या अंध कलावंताच्या ‘दिव्यदृष्टी’पाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्या कलावंताने ध्वनिमुद्रण कशावर केले, ते सॉफ्टवेअर त्याला कितीला पडले, पुढच्या वर्षी ते चालले का, हे कोणी विचारत नाही. समीक्षा कवितासंग्रहाची होते, नाटकाची होते. ज्या साधनावाचून एखाद्या माणसाचे संगीत घराबाहेर पडू शकत नाही, त्या साधनाचीही व्हायला हवी.

आधी वाद्यांचे थोडे सांगतो. जुन्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर प्रत्येक कामाला एक वेगळी खुंटी असायची. हात फिरवला की कळायचे, कोणती खुंटी कुठे आहे ते. १९८३ साली यामाहाचे डीएक्स७ आले. त्याची बटणे सपाट पापुद्र्याखाली गेली आणि सारी माहिती एका छोट्या पडद्यावर दिसू लागली. डोळस वादकाला ती प्रगती वाटली. अंध वादकाच्या बोटांखालची मात्र खूणच गेली. त्याच सुमाराला उलट दिशेचेही एक उदाहरण घडले. रे कुर्झवाइलने १९७६ मध्ये छापील पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र काढले. ते घेणाऱ्या पहिल्या काही जणांत स्टीव्ही वंडर होता. त्या ओळखीतून आणि वंडरच्या मागणीतून १९८२ मध्ये वाद्यांची कंपनी निघाली आणि १९८४ मध्ये के२५० हा कळफलक आला. इथे अंध संगीतकार दानाचा धनी नव्हता. काय हवे ते सांगणारा गिऱ्हाईक होता. पण प्रत्येक अंध वादक काही स्टीव्ही वंडर नसतो.

संगणकाच्या बाबतीत सुरुवात बरी झाली होती. १९८३ साली मिडी हा संकेत ठरला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये संगणकाशी एकाच भाषेत बोलू लागली. केकवॉक हे सॉफ्टवेअर १९८७ मध्ये डॉसवर आले. डॉसचा पडदा म्हणजे नुसती अक्षरे. त्या अक्षरांना आवाज देणारा कार्यक्रम, म्हणजे स्क्रीन रीडर, जोडला की पडदा बोलू लागायचा. मग विंडोज आले. अक्षरांच्या जागी चित्रे आली, उंदीर फिरवून टिचकी मारणे आले. ज्यांचे काम चालू होते त्यांचे थांबले. तंत्रज्ञान पुढे जाते तसे सगळे पुढे जातात, या समजुतीला इथे छेद जातो.

या पडझडीत एक छोटी कंपनी उभी राहिली. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ बिल मॅककॅन या अंध ट्रंपेटवादकाने १९९२ मध्ये डान्सिंग डॉट्स सुरू केली. तो प्रोग्रॅमरही होता. गुडफील हे तिचे पहिले मोठे काम. छापील स्वरलेखन संगणकात घ्यायचे, लाइम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दुरुस्त करायचे, आणि मग गुडफील त्याचे ब्रेल संगीत करून देते. हाताने लिप्यंतर करणारी माणसे दुर्मीळ, आणि एकेका रचनेला लागणारा वेळ मोठा. त्यामुळे गुडफीलचे मोल फार होते. ब्रेल संगीत वाचणाऱ्या पियानोवादकाची एक अडचण इथे सांगायला हवी. त्याचे वाचन बोटांनी आणि वादनही बोटांनीच. म्हणून तो एका हाताने वाचतो, दुसऱ्याने वाजवतो, मग हात बदलतो, आणि शेवटी सारे पाठ करून दोन्ही हातांनी वाजवतो. नवी रचना आज संध्याकाळी हातात पडली तर ती रात्री वाजवता येत नाही. फाईल आठवडाभर आधी मिळणे ही त्याच्यासाठी चैन नसते.

गुडफील माझ्या कसोटीला उतरते. ते पडद्यावरचे चित्र पाहत नाही. कोणता स्वर, किती लांब, कोणत्या सप्तकात, ही माहिती घेते. ब्रेलचाच मार्ग.

त्याच कंपनीने विकलेल्या दुसऱ्या वस्तूची गोष्ट वेगळी आहे. केकवॉकच्या पुढच्या अवताराचे नाव सोनार. ते अंधांना वापरता यावे म्हणून डान्सिंग डॉट्सने केकटॉकिंग विकायला काढले. ही जॉज या स्क्रीन रीडरसाठी लिहिलेल्या सूचनांची गाठोडी होती आणि तिच्यासोबत धड्यांचा मोठा संच होता. माझ्या मते खरी विक्री धड्यांचीच होती. विकत घेणाऱ्याला सॉफ्टवेअर नको होते, त्याला गाणे ध्वनिमुद्रित करायचे होते. ट्रॅक म्हणजे काय, तो कसा ऐकायचा, कसा कापायचा, हे कळफलकाच्या भाषेत कोणीतरी सांगायला हवे होते. अशा धंद्यात गिऱ्हाइके थोडी असतात आणि प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो. मोठ्या कंपन्यांना हे परवडत नाही असे नाही. त्यांना त्यात रस नसतो.

पण केकटॉकिंगची बांधणी बाहेरून होती. सोनारच्या पडद्यावर कुठे काय उमटते ते हेरायचे आणि जॉजला सांगायचे: अमुक खिडकीत अमुक जागी जे आहे ते आवाजाची पातळी म्हणून वाच. दाराला कान लावून आत काय चालले आहे ते ओळखण्याचा हा प्रकार. घर तेच आहे तोवर चालतो. २०१० च्या अखेरीस सोनार एक्स१ आले आणि पडद्याची रचना मुळापासून बदलली. अनेक अंध वापरकर्ते मग जुन्या ८.५ आवृत्तीवरच थांबले. डोळस मंडळी नव्या आवृत्तीच्या गुणदोषांवर वाद घालत असताना हे लोक जुना संगणक बिघडू नये म्हणून जपत होते. २०१३ मध्ये केकवॉक गिब्सन या गिटारवाल्या कंपनीकडे गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने सोनारचे काम थांबवल्याचे जाहीर केले. २०१८ च्या फेब्रुवारीत बँडलॅबने ते विकत घेतले आणि पुढे फुकट दिले. मूळ वस्तू फुकट, आणि ती वापरता यावी म्हणून लागणारा जॉज हजार डॉलरच्या आसपास. हा हिशोब ज्याला मांडावा लागतो त्यालाच त्याची गंमत कळते.

यात केकटॉकिंगला दोष देणे अन्यायाचे होईल. बाहेर उभे राहण्यावाचून त्यांना दुसरी जागाच नव्हती. दोष जागेचा होता.

आता दुसरे घर. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर कॉकोस या लहानशा कंपनीचे. पूर्वी विनॅम्प लिहिणारा जस्टिन फ्रँकेल तिचा कर्ता. साध्या वापरकर्त्याला परवाना साठ डॉलरला, मोठ्या धंदेवाइकाला दोनशे पंचवीसला. रीपर अंधांसाठी केलेले नाही. पण त्यात दोन गुण आहेत. जवळजवळ प्रत्येक कृतीला नाव आहे आणि तिला कळफलकावरची कळ जोडता येते. शिवाय बाहेरच्या प्रोग्रॅमरला आत येऊन विचारता येते: आता कोणता ट्रॅक निवडला आहे? त्याची पातळी किती? कर्सर कितव्या मात्रेवर आहे? या उघड्या दारातून ओसारा आले. ते लिहायला घेतले जेम्स टेह याने, जो स्वतः अंध आहे. मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने २००६ मध्ये एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर सुरू केला, त्याचाही टेह हा साथीदार. हे दोघे ऑस्ट्रेलियन लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटले होते. संगणकाची आवड जुळली तीही तिथेच.

ओसारा पडद्याकडे पाहतच नाही. काही बदलले की ते रीपरला विचारते आणि उत्तर स्क्रीन रीडरच्या तोंडी देते. म्हणून रीपरने उद्या रंगरूप बदलले तरी ओसाराचे फारसे बिघडत नाही. एनव्हीडीएही फुकट आणि ओसाराही. ज्या कामाला आधी पगाराचे महिने मोजावे लागत, ते साठ डॉलरवर आले.

पण ओसाराचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे गप्प बसणे. माझ्या परिचयाचा एक तिशीतला अंध तबलावादक आहे. मला ‘काका’ म्हणतो. घरी लहानशा खोलीत शिष्यांची ध्वनिमुद्रणे करतो. स्क्रीन रीडरच्या आवाजाला त्याने ‘बाई’ नाव ठेवले आहे. तो एकदा म्हणाला, “काका, तुमचे डोळे मीटर बघतात आणि कान गाणे ऐकतात. माझ्या एकाच कानात बाई बोलते आणि त्याच कानात ठेकाही. बाई बोलली की सम जाते.” अंधांसाठीच्या संगीत सॉफ्टवेअरचा सगळा पेच या तीन वाक्यांत आहे. पत्र लिहिणाऱ्याला पडद्याने सतत बोललेले चालते. वाजवणाऱ्याला चालत नाही. ओसारामध्ये आवाजाच्या पातळीवर पहारा ठेवण्याची सोय आहे. तुम्ही एक मर्यादा सांगून ठेवता आणि पातळी ती ओलांडेल तेव्हाच ते बोलते. एरवी मौन. काय सांगायचे हे कोणताही होतकरू प्रोग्रॅमर ठरवू शकतो. काय सांगायचे नाही हे ठरवायला त्याने स्वतः कधीतरी वाजवलेले असावे लागते.

मोठ्या कंपन्यांनीही काही केले आहे. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कळफलकावरच्या खुंट्यांना बोट लागले की त्या कशाच्या आहेत ते ऐकू येते. डीएक्स७ ने हिरावलेली खूण आवाजाच्या रूपाने परत आली म्हणायची. म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचे फुकट सॉफ्टवेअर आता स्क्रीन रीडरबरोबर चालते, आणि २०२३ मधल्या ४.१ आवृत्तीपासून पाच रेघांवर पुढे जाल तसतसे त्या जागेचे ब्रेल संगीत समोर येते. चांगलेच आहे हे. तरी ‘फुकट’ या शब्दाने फार हुरळून जाऊ नये. केकटॉकिंगसोबत धडे यायचे, विचारायला कोणीतरी असायचे. ओसाराच्या मागे स्वयंसेवक आहेत, आणि शिकवण्याचे ओझे वापरणाऱ्यांनीच आपसात वाटून घेतले आहे. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने जायचे कुठे? विक्री गेली तशी शिकवणीही गेली, आणि तिची जागा मराठीत अजून कोणी घेतलेली नाही.

मराठीचा विषय निघालाच आहे, तर माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. हे सारे पाश्चात्त्य स्वरलेखनाचे झाले. आपले काय? यावर एक तयार उत्तर मिळते: आपले संगीत गुरुमुखातून येते, अंधाला लिपी हवी कशाला? हे उत्तर देणारे स्वतःच्या मुलाला मात्र वही घेऊन क्लासला पाठवतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या वरच्या परीक्षांना लेखी पेपर असतो, त्यात बंदिशी स्वरलिपीत लिहायच्या असतात. अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. पण ज्या खुणा त्याला कोणी कधी वाचून दाखवल्या नाहीत, त्या तो लेखनिकाला कशा सांगणार?

ही लिपी रुजवणाऱ्या दोघांपैकी एकाची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली होती. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) शाळा सोडून गाण्याकडे वळले ते त्यामुळेच. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, क्रमिक पुस्तके छापली, स्वरलिपी केली. दुसरे विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६). या दोन्ही लिप्या डोळ्यांसाठी आहेत, आणि त्या काळात त्या तशाच असणार. प्रश्न आपला आहे. आपण त्या संगणकावर जशाच्या तशा काढतो, चित्र म्हणून.

मी एक साधा प्रयोग केला. भातखंडे पद्धतीने भैरवाचा आरोह टंकित केला. सा, रे, ग, म, प, ध, नी, सां. रे आणि ध कोमल, म्हणून त्या अक्षरांखाली सगळे करतात तशी अधोरेखनाची आडवी रेघ दिली. एनव्हीडीएने वाचून दाखवला तो बिलावल. रेघ ही त्याच्या लेखी सजावट. ती वाचायला सांगण्याची सोय आहे. ती चालू केली की मग प्रत्येक स्वरापाशी अधोरेखन सुरू झाल्याची आणि संपल्याची वर्दी येते, आणि आरोहाची पार वाट लागते. तार षड्जाचे आणखी वेगळेच. वरचा ठिपका आपण अनुस्वार म्हणून टंकतो, तेव्हा बाई ‘सां’ असा नाकातला उच्चार करते. तार सप्तकाचा पत्ता नाही.

पलुसकर पद्धतीत अडचण आणखी मजेशीर आहे. तिथे कोमल स्वराला हलन्त लावतात. कोमल गंधारानंतर मध्यम टंकला आणि मध्ये जागा सोडली नाही, तर संगणक दोघांचे जोडाक्षर करून टाकतो. ‘ग्म’. शिवाय वरचा ठिपका भातखंड्यांकडे तार सप्तक सांगतो आणि पलुसकरांकडे मंद्र. वरची उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र मध्यमाची, पलुसकरांकडे तार सप्तकाची. डोळस विद्यार्थी पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून ओळखतो, पद्धत कोणती ते. यंत्राला ते कोणी सांगितलेले नाही. आणि ही सारी तक्रार निदान युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराची. त्याआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाईल स्क्रीन रीडरपुढे ठेवली तर निरर्थक रोमन अक्षरांचा पाऊस पडतो, आणि जुन्या पुस्तकांच्या पानांची नुसती छायाचित्रे असतील तर शांतताच.

कायद्याची अडचण आता फारशी नाही. २०१३ च्या माराकेश कराराने अंधांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्याला कॉपीराइटची आडकाठी राहू नये असे ठरवले, आणि त्यात मजकुराबरोबर स्वरलेखनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात त्याआधीच, २०१२ मध्ये, तशी दुरुस्ती झाली होती. दार उघडे आहे आणि आत नेण्यासारखी फाईलच नाही, अशी आजची स्थिती.

अशा वेळी कोणीतरी उत्साहाने ‘अंधांसाठी हिंदुस्थानी संगीताचे सॉफ्टवेअर’ काढायला निघतो. मला या उत्साहाची धास्ती वाटते. ते दाराला कान लावणारे दुसरे केकटॉकिंग होईल, आणि तेही मागे धड्यांचा संच नसलेले. आधी लिहिण्यात अर्थ यायला हवा. त्यासाठी लागणारी काही चिन्हे आपल्याकडे तयार आहेत. वेदपाठाच्या स्वरचिन्हांसाठी युनिकोडने देवनागरीत अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ अशी दोन स्वतंत्र चिन्हे ठेवलेली आहेत. अधोरेखन न देता ग॒ असे लिहिले, तीव्र मध्यम म॑ असा लिहिला, तर डोळ्यांना दिसते ते भातखंड्यांचेच, पण रेघ आता अक्षराचा भाग होते. फाईल कुठेही न्या, ती रेघ गळत नाही. एनव्हीडीएमध्ये चिन्हांचे उच्चार आपल्याला हवे तसे नेमता येतात. खालच्या रेघेला ‘कोमल’ हा शब्द नेमून दिला, आणि भैरव भैरवासारखा वाचला गेला. उच्चार आधी ‘रे’ आणि मग ‘कोमल’ असा उलटा येतो. तबलजींना ऐकवला, तर ते म्हणाले, चालेल, पण ‘कोमल’ लांब आहे, बाईला नुसते ‘को’ म्हणू द्या.

मग ‘को’ केले. तीव्राला ‘ती’. सप्तकाच्या ठिपक्यांचे मात्र अडले आहे. खालच्या ठिपक्यासाठी नुक्ता वापरावा, तर ग, ज, फ यांच्याखाली तो उर्दू उच्चारांसाठी आधीच बसलेला, आणि बाई मंद्र गंधार घशातून काढते. वरच्या ठिपक्याला अनुस्वाराशिवाय दुसरे काय घ्यावे, यावर आमचे अजून एकमत नाही. ब्रेलप्रमाणे सप्तकाची खूण स्वराच्या आधी, स्वतंत्र लिहावी, असे माझे मत. त्यांचे म्हणणे, बंदिशीत सप्तक इतक्या वेळा बदलते की तशी खूण प्रत्येक वेळी ऐकताना मात्रा मोजणे जमणार नाही. सप्तक बदलेल तिथे बाईने शब्द न उच्चारता आवाजाची पट्टीच बदलावी. त्यासाठी काय लागेल, ते आता पाहतो आहे.